बाळाचे पहिले कडक सोलचे बूट: कधी घ्यावेत, कसे निवडावेत आणि सवय कशी लावावी?

घरभर दुडूदुडू पळणारे मूल पायात पहिल्यांदा बूट चढवले की जागच्या जागी थिजते. चिखलातून चालल्यासारखे पाय उंच उचलते, नाहीतर सरळ फतकल मारून बूट ओढायला लागते. घरातले हसतात, कोणीतरी व्हिडिओ काढते आणि ‘होईल सवय’ म्हणून विषय संपतो.

बहुतेक वेळा सवय होतेही. पण कधी कधी मुलाची तक्रार खरी असते. बूट आखूड असतो, सोल वाकत नसतो किंवा मागची कड टाचेला घासत असते. दीड वर्षाच्या मुलाला ‘बूट चावतोय’ असे सांगता येत नाही. मुलाला फक्त सवय नाही की बूटच बसत नाही, हे मोठ्यांनाच ओळखावे लागते. ते कसे ओळखायचे, बूट कधी आणि कोणते घ्यायचे आणि सवय कशी लावायची, याची ही माहिती.

थोडक्यात

- बुटांमुळे मूल लवकर चालायला लागत नाही. बुटांचे काम पायाचे रक्षण करणे, एवढेच.
- घरात अनवाणी आणि बाहेर बूट, ही पद्धत लहान मुलांसाठी सर्वात चांगली.
- सोल बाहेरच्या जमिनीवर टिकेल इतका जाड असावा, पण चवड्यापाशी सहज वाकायला हवा.
- सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करावी आणि वेळ हळूहळू वाढवावी.
- नवा बूट काढल्यावर पायावरचे लाल वळ लवकर गेले नाहीत, तर दोष बुटात आहे असे समजावे.

पहिले बूट नेमके कधी घ्यावेत?

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांचा अभ्यास केला होता. त्यानुसार निरोगी मुले साधारण ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय चालू लागतात. म्हणजे शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले पंधराव्या महिन्यात, तर दोन्ही सामान्यच आहे.

मूल धरून धरून उभे राहत असेल किंवा पांगुळगाडा ढकलत असेल, त्या टप्प्यावर कडक सोलच्या बुटांची गरज नसते. थंडी असेल तर सैल मोजे पुरतात, मात्र गुळगुळीत फरशीवर ते घसरतात. त्यामुळे खाली रबरी ठिपके असलेले मोजे बरे. मोजेही घट्ट नसावेत. लहान बाळाच्या बोटांची हाडे इतकी मऊ असतात की घट्ट मोज्यातही ती दबून राहतात.

मूल स्वतःहून, हात न धरता, बऱ्यापैकी स्थिर चालायला लागले आणि घराबाहेरही चालायचा हट्ट करू लागले की बूट घ्यायची वेळ झाली. बाहेर तापलेला डांबरी रस्ता असतो, काचा, खिळे आणि काटे असतात. ओल्या, घाण झालेल्या मातीत हूकवर्म नावाच्या जंतांच्या अळ्या असू शकतात आणि त्या अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. बूट हवेत ते या सगळ्यासाठी.

अनवाणी चालण्याला इतके महत्त्व का?

मोठ्या माणसाच्या एका पायात २६ हाडे असतात. लहान मुलाच्या पायात यांपैकी बराच भाग अजून कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीसारखा लवचिक असतो. कमानीच्या मध्याजवळचे एक हाड तर साधारण दुसऱ्या ते चौथ्या वर्षात घट्ट व्हायला सुरुवात होते. सगळी हाडे पूर्ण तयार व्हायला किशोरवय उजाडते. त्यामुळे पाय ज्या साच्यात रोज तासन्‌तास राहतो, त्या साच्याचा परिणाम त्याच्यावर होऊ शकतो.

दुसरे कारण आहे ते शिकण्याचे. फरशी गार आहे की गरम, सतरंजी मऊ आहे की खरखरीत, उंबरठा किती उंच आहे, हे तळव्यांकडून मेंदूला कळत असते. त्या माहितीवर मूल तोल सावरते आणि बोटांनी जमिनीची पकड घेते.

हा सराव किती मोठा असतो, हे न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणाने खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. एवढी पावले आणि एवढे पडणे यांतूनच चाल बसते. हा सराव जितका अनवाणी होईल तितका चांगला.

मराठी घरांत चपला-बूट दाराबाहेर काढायची पद्धत आहे. त्यामुळे मुलाला हा सराव आपोआप मिळतो. नवे बूट आले म्हणून ही पद्धत मोडू नये.

बूट घातल्यावर मूल अडखळते का?

याची चार साधी कारणे आहेत.

पहिले म्हणजे जाणीव. कडक सोल तळवा आणि जमीन यांच्यामध्ये येतो. आतापर्यंत मिळणारी माहिती अचानक कमी होते. मूल पाय आपटते किंवा खाली बघत चालते, ते त्यामुळे.

दुसरे म्हणजे वजन. आपल्याला हलका वाटणारा बूट दहा-अकरा किलोच्या मुलासाठी हलका नसतो. तो पायाच्या टोकाला असल्याने प्रत्येक पावलाला जाणवतो.

तिसरे म्हणजे लांबी आणि उंची. बुटाचे नाक बोटांच्या पुढे असते आणि सोलमुळे पाय जमिनीपासून वर उचललेला असतो. जुन्या अंदाजाने टाकलेले पाऊल उंबरठ्याला किंवा सतरंजीच्या कडेला अडकते.

चौथे म्हणजे पकड. रबरी सोल फरशीला धरून ठेवतो, तर कडक प्लॅस्टिकचा सोल त्याच फरशीवरून घसरतो. अनवाणी पायाची पकड या दोन्हींहून वेगळी असते.

बूट घातल्यावर चाल बदलते, हे अभ्यासांतूनही दिसले आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये ११ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. बूट घातलेली मुले लांब पावले टाकतात आणि पायाच्या आतल्या सांध्यांची हालचाल कमी होते, असे त्यात आढळले. म्हणजे बुटात चालणे हे मुलासाठी थोडे वेगळे कौशल्य आहे आणि ते शिकायला वेळ द्यायला हवा.

‘कडक सोल’ म्हणजे किती कडक?

चालायला लागलेल्या मुलाला घोट्यापर्यंतचे ताठ चामडी बूट घालावेत, त्याने पायाला आधार मिळतो, अशी समजूत अनेक वर्षे होती. आजही काही दुकानांत तसे सांगितले जाते. अमेरिकेतील बालअस्थिरोगतज्ज्ञ लिन स्टाहेली यांनी १९९१ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात या विषयाचा आढावा घेतला. पायाची सर्वात चांगली वाढ अनवाणी राहण्याने होते, बुटाचे मुख्य काम संरक्षणाचे आहे आणि ताठ, दाबणारे बूट पायाला कमकुवत करू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. बूट निवडताना अनवाणी पायाचाच नमुना समोर ठेवावा, असे त्यांनी सुचवले.

त्यामुळे पहिल्या बुटाचा सोल खडा टोचणार नाही इतका जाड असावा, पण पाय वाकला की तोही वाकायला हवा. दुकानात पुढील गोष्टी तपासाव्यात:

- वाकवून बघावे. टाच एका हातात धरून दुसऱ्या हाताने नाक वर दाबावे. बूट चवड्यापाशी, म्हणजे बोटे जिथून वाकतात तिथे वाकला पाहिजे. बरोबर मध्यात मोडत असेल किंवा कुठेच वाकत नसेल तर तो नको.
- टाचेचा भाग दाबून बघावा. टाचेभोवतीचा भाग थोडा घट्ट असावा, म्हणजे पाय आत डगमगत नाही. पण वरची कड मऊ हवी.
- पुढचा भाग बघावा. तो रुंद आणि थोडा उंच असावा. लहान मुलाचा पाय पुढे पसरट असतो, निमुळता नसतो.
- सोल सपाट हवा. उंच टाच नको. खाली खाचा हव्यात, पण खूप खोल नकोत.
- बांधायची सोय हवी. वेल्क्रो, नाडी किंवा बक्कल असावे. नुसता सरकवायचा बूट निसटू नये म्हणून मूल बोटे आखडून चालते.
- वजन बघावे. दोन बूट सारखेच चांगले असतील तर हलका घ्यावा.

माप: ‘वाढत्या अंगाचे’ बूट घ्यावेत का?

वाढत्या अंगाचा फ्रॉक किंवा शर्ट चालतो, बाह्या दुमडता येतात. बुटाचे तसे नसते. दोन नंबर मोठ्या बुटात पाय पुढे-मागे सरकतो, टाच घासते आणि मूल ठेचकाळते. आखूड बुटात बोटे दुमडून बसतात. पाय मऊ असल्यामुळे तो घट्ट बुटातही दबून सामावतो आणि मूल रडतेच असे नाही. म्हणून ‘रडत नाही, म्हणजे बसतो’ हा हिशेब धरू नये.

माप घरीच घेता येते. मुलाला भिंतीला टाच लावून कागदावर उभे करावे. उभे राहिल्यावर पाय पसरतो, त्यामुळे बसून घेतलेले माप कमी भरते. सर्वात लांब बोटापाशी खूण करावी. हे बोट अंगठाच असेल असे नाही, काही मुलांचे दुसरे बोट लांब असते. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. संध्याकाळी माप घेतलेले बरे, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतात. बुटात घालायचे तेच मोजे मापाच्या वेळी घालावेत.

सर्वात लांब बोट आणि बुटाचे नाक यांच्यामध्ये साधारण १ सेंटीमीटर जागा हवी. मोठ्या माणसाच्या करंगळीच्या रुंदीहून ती थोडी कमीच भरते.

कडक बुटावरून दाबून आतली बोटे समजत नाहीत. शिवाय दाबल्यावर मूल बोटे आखडून घेते. त्यावर दोन उपाय आहेत. बुटातली गादी निघत असेल तर ती बाहेर काढून मुलाला तिच्यावर उभे करावे, म्हणजे पुढे किती जागा उरते आणि पाय कडेने बाहेर जातो का ते लगेच दिसते. गादी निघत नसेल तर पुठ्ठ्यावर पायाचा ठसा आखून, पुढे १ सेंटीमीटर वाढवून कापावा. तो पुठ्ठा बुटात न दुमडता बसला तर लांबी बरोबर.

डब्यावरच्या नंबरवर फार विसंबू नये. भारतातल्या दुकानांत यूके आणि युरोपीय असे दोन्ही नंबर दिसतात. यूकेचा एक नंबर सुमारे ८.५ मिलिमीटरचा, तर युरोपीय नंबर सुमारे ६.७ मिलिमीटरचा असतो. त्यातच प्रत्येक कंपनीचा साचा थोडा वेगळा असतो. ऑनलाइन मागवायचे असेल तर नंबरपेक्षा सेंटीमीटरमधली आतली लांबी बघावी आणि बूट परत करता येतो का, तेही आधी तपासावे.

सवय कशी लावावी?

लग्नाच्या दिवशी किंवा प्लेग्रुपच्या पहिल्या सकाळी कोरे बूट पायात कोंबले की रडारड ठरलेली. नवी जागा, गर्दी आणि नवे बूट हे सगळे एकाच वेळी आले की मुलाला ते झेपत नाही. बूट निदान आठ-दहा दिवस आधी आणावेत आणि पुढील क्रमाने जावे.

पहिले एक-दोन दिवस: नुसती ओळख. बूट मुलाच्या हातात द्यावेत. वेल्क्रोचा ‘चर्रर्र’ आवाज करू द्यावा. बाहुलीच्या किंवा आजोबांच्या पायाला लावून बघायचा खेळ करावा.

तिसरा-चौथा दिवस: घरात पाच मिनिटे. मुलाचे पोट भरलेले आणि झोप झालेली असताना बूट घालावेत. आधी मुलाला मांडीवर बसवावे. टाच मागे नीट टेकवून मग पट्टा लावावा. उभे करून हात धरावा, पण ओढू नये. मूल काही वेळ नुसते उभे राहिले तरी चालेल. त्याने पाऊल टाकले की थोड्या अंतरावर आवडते खेळणे ठेवावे. पाच मिनिटांनी, मूल वैतागायच्या आत, बूट काढावेत.

पाचवा ते सातवा दिवस: बाहेर, सपाट जागेवर. बूट घातले की बाहेर जायला मिळते, हे मुलाला पटकन कळते. सोसायटीचे अंगण, वाड्यातली फरसबंदी किंवा बागेतला सपाट रस्ता यांपासून सुरुवात करावी. दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. घरी आल्यावर दारातच बूट काढावेत.

दुसरा आठवडा: वेगवेगळी जमीन. गवत, माती, थोडा चढ-उतार. जिने सर्वात शेवटी घ्यावेत आणि तेही हात धरूनच. सोलच्या जाडीमुळे पायरीचा अंदाज चुकतो.

हे दिवस ढोबळ आहेत. एखादे मूल दुसऱ्याच दिवशी पळू लागते, एखाद्याला तीन आठवडे लागतात. पण मोजे वगळू नयेत. घाम शोषणारे सुती मोजे असले की घासणे कमी होते. मोज्याची शिवण बोटांखाली दुमडलेली नाही ना, हेही दर वेळी बघावे. मुलाच्या रडण्यामागे पुष्कळदा ही शिवणच असते.

सवय नाही की बूट लागतोय?

फरक ओळखायला दर वेळी बूट काढल्यावर पाय बघावेत. मोज्याची नक्षी उमटली असेल तर काळजी नाही, ती थोड्या वेळात जाते. पण टाचेवर, करंगळीच्या बाजूला किंवा बोटांच्या वर लाल डाग अर्ध्या तासानंतरही दिसत असेल, तर बूट तिथे दाबतोय. फोड आला असेल तर तो बरा होईपर्यंत तो बूट घालूच नये. टाचेची कड कडक असल्यास ती हाताने चोळून मऊ करता येते. लांबी-रुंदी कमी असेल तर मात्र बूट बदलण्याशिवाय इलाज नाही. ‘घालून घालून सैल होईल’ या भरवशावर मुलाचा पाय त्यात ठेवू नये.

सवयीची कुरकुर दिवसागणिक कमी होते आणि बाहेर खेळायला मिळाले की मूल ती विसरते. बूट लागत असेल तर उलट होते. मूल सुरुवातीला चालते, थोड्या वेळाने खाली बसते, एकाच पायाचा बूट ओढते, लंगडते किंवा बूट दिसताच पाय आखडून घेते.

वाजणारे, चमकणारे आणि दादाचे बूट

चूं-चूं वाजणारे बूट मुलांना आवडतात आणि मूल कुठे आहे हे मोठ्यांनाही कळते. पण आवाज काढण्यासाठी मूल मुद्दाम टाच आपटत चालते. काही बुटांत शिट्टी बसवायला सोल जाड आणि ताठ केलेला असतो. वाकवून बघायची कसोटी याही बुटांना लावावी. दिव्यांच्या बुटांतील बॅटरी सोलमध्ये पक्की बंद असावी. सोल फाटला की तो बूट काढून टाकावा, कारण बटणासारखी बॅटरी गिळली गेल्यास ती जिवावर बेतू शकते.

मोठ्या भावंडाचे बूट कपड्यांप्रमाणे पुढे वापरायचा मोह होतो. एक-दोन प्रसंगांपुरते घातलेले, न झिजलेले आणि मापाचे असतील तर हरकत नाही. रोज वापरलेल्या बुटाची गादी आणि सोल मात्र आधीच्या पायाप्रमाणे दबलेले असतात. अशा बुटात मुलाचा पाय एका बाजूला कलतो.

ऊन आणि पाऊस

रेक्झिनच्या बंद बुटात उन्हाळ्यात पाय घामाने ओले राहतात. पुढून बंद आणि मागे पट्टा असलेली सँडल अशा वेळी जास्त सोयीची. पावसाळ्यात भिजलेले बूट पूर्ण वाळल्याशिवाय घालू नयेत, नाहीतर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. बूट दाराबाहेर राहत असतील तर घालण्याआधी उलटे करून झटकावेत. विंचू किंवा इतर किडा आत बसलेला असू शकतो.

तळवे सपाट दिसतात, मग खास बूट हवेत का?

चालायला लागलेल्या बहुतेक मुलांचे तळवे सपाटच दिसतात. तळव्यात चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. कमान पुढच्या काही वर्षांत दिसू लागते.

भारतात याविषयी एक महत्त्वाचा अभ्यास झाला आहे. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, न वापरणाऱ्यांमध्ये २.८ टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते, सँडल-चप्पल घालणाऱ्यांत त्याहून कमी. अशा एका पाहणीवरून बुटांमुळेच तळवे सपाट होतात, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण कमान घडवायला बूट लागतात, या समजुतीला मात्र त्यातून आधार मिळत नाही.

१९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात सपाट तळव्यांच्या लहान मुलांना तीन वर्षे खास बूट किंवा बुटातल्या खास गाद्या देऊन पाहिल्या. साधे बूट घालणाऱ्या मुलांइतकीच सुधारणा त्यांच्यातही दिसली. त्यामुळे दुखत नसेल तर केवळ सपाट तळव्यांसाठी महागडे बूट घेण्याची गरज नाही.

याला अपवाद उपचारांचा. क्लबफूटसारख्या जन्मजात दोषासाठी डॉक्टरांनी पट्टीला जोडलेले बूट दिले असतील, तर ते सांगितले तितके तास घालायलाच हवेत. ते बूट म्हणजे औषध आहे, वरचे नियम त्यांना लागू होत नाहीत.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- मूल १८ महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय चालत नसेल.
- अनवाणी असतानाही लंगडत असेल किंवा एकच पाय वेगळा पडत असेल.
- चालणारे मूल अचानक पाय टेकवायचे बंद झाले असेल, पाय सुजला किंवा गरम लागत असेल.
- तिसऱ्या वर्षानंतरही बहुतेक वेळ चवड्यांवरच चालत असेल.
- आधी नीट चालणारे मूल वारंवार पडू लागले असेल.

बूट कधी बदलावेत?

पहिल्या दोन-तीन वर्षांत पाय झपाट्याने वाढतो. दोन-तीन महिन्यांत अर्धा नंबर वाढणे नेहमीचे आहे. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी पुठ्ठ्याची कसोटी पुन्हा करावी. पुढची जागा अर्ध्या सेंटीमीटरवर आली की नवे बूट बघायला लागावे, मग जुने कितीही कोरे दिसत असोत. याच कारणाने या वयात तीन-चार जोड आणि खूप महाग बूट घेण्यात अर्थ नसतो. रोजचा एक, नीट बसणारा जोड पुरतो. लग्नासाठी घेतलेला चकचकीत जोड फोटोपुरता घालावा आणि फोटो झाले की मुलाला पुन्हा त्याच्या रोजच्या बुटांत सोडावे.